निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे

सोमवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा ती बस! आज हात धरणाऱ्या बाईंनी माझा हात उतरेपर्यंत सोडला नाही. "कशी आहेस गं? जेवतेस ना? झोप लागते ना?" मी हो हो करत राहिले. मागचे एक काका उठून जागा द्यायला लागले – मी काय आजारी आहे? कंडक्टरसुद्धा मला तिकीट देताना आवाज खाली आणतो. हे जाऊन तीन महिने होत आले, पण त्या बसमध्ये रोज नव्याने शोकसभा भरते. मला चारचौघांत रडू येत नाही, त्यामुळे त्यांची पंचाईत होते. आणि त्यांची पंचाईत बघून माझी.

घरी आले तर जिन्याखाली ह्यांची सायकल उभी. रोजच असते. आज थांबून बघितली. दोन्ही चाकं बसलेली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

हवा भरली. फक्त भरून बघितली. बाकी काही नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

गेले! सायकलने, कामावर, भर अवकाळी पावसात!

कॉलेजनंतर पहिल्यांदाच. पडले नाही. पण कपड्यांचा पार विचका झाला. थंडी होती म्हणून आत सुती टी-शर्ट, त्यावर शर्ट, त्यावर जाकीट, गळ्यात मफलर आणि सगळ्यावर ह्यांचा पिवळा रेनकोट. जिन्याच्या आरशात बघितलं – चालतंफिरतं गाठोडं! चढावर अर्ध्यात येईपर्यंत उकडून जीव गेला. पोचले तेव्हा रेनकोट बाहेरून ओला आणि मी आतून. मग कामावर पोचल्यावर सगळा वेळ तो ओला टी-शर्ट पाठीला गार फडक्यासारखा चिकटलेला.

गंमत म्हणजे हाच रेनकोट मी स्वतः पास केलेला आहे. आमची कापड तपासायची प्रयोगशाळा, आणि माझ्याकडे पाण्याचा फवारा. कितीही मारा, आत एक थेंब नाही. ह्यांना आणून दिला तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, शंभर टक्के. दोन पावसाळी दिवस वापरून हे म्हणाले, "तुमच्या मशीनला घाम येत नाही ना!" मला राग आला होता. आज पटलं. सांगायला कुणी नाही ते सोडा.

ह्यांचा एक नियम होता. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर समजायचं, एक कपडा जास्त झाला. मी हसायचे. कोपऱ्यापर्यंत कुडकुडत जाणारा माणूस, आणि म्हणे बरोबर कपडे घातलेत!

सासूबाईंना सांगितलेलं नाही. सायकल दिसली की त्या मान फिरवतात. मागे एकदा म्हणाल्या, "बघवत नाही गं तिच्याकडे." आणि जिना त्यांच्या खिडकीला लागून. हे निघायचे तेव्हा स्टँडला लाथ मारायचे – खाड्! – की आतून लगेच हाक, "निघालास का रे?" – "निघालो!" एवढाच दोघांचा सकाळचा संवाद, पण एक दिवस चुकला नाही. म्हणून मी मागचं चाक उचलून, स्टँड हाताने धरून, चोरासारखी बाहेर पडले. स्वतःच्याच घरातून!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

"आज बसला गर्दी होती का?" – सासूबाई.
"खूप," मी म्हटलं. जीभ अडखळली नाही. आश्चर्य आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

रविवारी सासूबाई कपाट उघडतात आणि ह्यांचा हिरवा स्वेटर काढतात. त्यांनीच विणलेला. जाड, अस्सल लोकर, ह्यांच्या धिप्पाड अंगाच्या मापाचा. खुर्चीच्या पाठीवर घालतात, बाह्यांवरून हात फिरवतात, पुन्हा घडी करतात, डांबराच्या गोळ्या घालून आत. एरवी हल्ली त्या फारशा उठतच नाहीत. सकाळी मी निघते तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. मी आल्यावरही तशाच. एवढ्याशा तर आहेत, पांघरुणाखाली कुणी आहे हेसुद्धा कळत नाही.

दुपारी भाऊजींचा फोन. महिनाअखेरीस येतो, आईला घेऊन जातो म्हणाले. तिकडे त्यांचं मोठं घर आहे, माणसं आहेत. "वहिनी, तुम्हालाही जरा मोकळं वाटेल." मी बरं म्हटलं. सासूबाईही बरं म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "जाताना तो स्वेटर तेवढा नेईन. बाकी सगळं तुझंच."

जाऊ नका म्हणायला हवं होतं. पण तसं बोलायची आम्हा दोघींत पद्धतच नाही. मधे बोलणारे हेच होते. त्या ह्यांना सांगायच्या, हे मला सांगायचे. आता सगळं मधेच अडकतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

स्वेटर उसना घेतला. चोरला म्हणणार नाही. संध्याकाळी परत ठेवला की झालं!

ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही, आणि सुती कापड पाणी धरून बसतं – हे मी शिकाऊ मुलींना दरवर्षी सांगते, आणि स्वतः सुती घालून निघाले होते. आज आत पातळ गरम बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट. बस्स. पुढची चेन थोडी उघडी. बाह्या चार वेळा दुमडल्या तेव्हा हात सापडले. दारात थंडी वाजली. कोपऱ्यावर दात वाजले. चढ लागला – आणि काय सांगू! कुणीतरी आतून दिवा लावल्यासारखं. वरती पोचेपर्यंत मी कोरडी, उबदार, आणि पाऊस आपला बाहेर बडबडत बसलेला.

सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली. आमचीच! खिडकीत हात धरणाऱ्या बाई. त्यांनी काचेवरची वाफ पुसली आणि माझ्याकडे बघून कीव केल्यासारखी मान हलवली – कोण ही वेडी, असल्या पावसात! ओळखलं नाही!! पिवळी टोपी, लाल नाक, खाली गुलाबी हातमोजे. मी घंटी वाजवली. दोनदा.

पलीकडच्या स्कूटरवरच्या गृहस्थांनी मात्र हळूच विचारलं, "ताई, रडताय का?" म्हटलं नाही हो, नाक गळतंय. थंडीनं. ते काही त्यांना पटलं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

गुलाबी हातमोजे म्हणजे भांडी घासायचे रबरी. आत लोकरीचे, वरून हे. ह्यांचीच युक्ती. दोन्ही एकदम घालून कुलूप लावता येत नाही, पण बाकी फर्स्टक्लास.

पायांसाठी मोज्यांवर औषधाच्या दुकानातली पिशवी, मग बूट. पाय कोरडे राहिले, पण पोचल्यावर काढायला विसरले. साहेबांच्या खोलीत चर्र चर्र करत गेले. साहेबांनी टेबलाखाली वाकून बघितलं. उंदीर वाटला असणार.

एक चूक महागात पडली असती. वळताना मान फिरवली, पण रेनकोटची टोपी फिरलीच नाही! मला दिसलं फक्त टोपीचं अस्तर. अस्तराची शिवण चांगली आहे हे कळलं, आणि कचऱ्याची गाडी जेमतेम हुकली. संध्याकाळी ह्यांची झडपवाली कॅप शोधून काढली. ती आत, टोपी वरून. आता मानेबरोबर सगळं फिरतं, आणि झडपेमुळे डोळ्यांत पाणी जात नाही. ती कॅप धुतलेली नाही. धुणारही नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

घोटाळा! सकाळी रबरी हातमोज्यातून स्टँड निसटला – खाड्! एवढ्या जोरात की वरच्या मजल्यावर कुत्रं भुंकलं. आत दिवा लागला. मी सायकलवर टांग टाकून जी सुटले ती कोपऱ्यापर्यंत मागे बघितलं नाही.

आले तर सासूबाई उठून बसलेल्या. केस विंचरलेले. कुकर लावलेला!

"बस लवकरची धरतेस का हल्ली?"
"हो, जरा लवकरची."
"केस ओले कसे?"
"खिडकीजवळ बसले होते."
"हं."

त्यांचं ते हं! आमच्याकडे नमुना नापास करताना असाच आवाज करतात.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज धरून सोडला तरी वाजलाच. स्प्रिंग सैल झाली आहे. सासूबाई चहा करून बसल्या होत्या, माझ्या आधी! कपबशीवर झाकण. म्हणजे पाळत ठेवतायत. कामावरून घोंगडीच्या कापडाची एक लांब पट्टी आणली – तपासून झालेला नमुना, फेकायचाच होता. स्टँडला गुंडाळून घट्ट बांधली. लाथ मारून बघितली. धप्. बास! आता बघू कोण पकडतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

निर्विघ्न. धप् करून बाहेर. सासूबाई उठल्या नाहीत. सुटले!

संध्याकाळी आले तरी पडूनच होत्या. दुपारचं ताट तसंच झाकलेलं. हवा फारच बदलली आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मेले. पुरती मेले.

पाऊस आडवा होता. पुढची चेन उघडी ठेवली होती – घाम नको म्हणून – आणि त्यातून सगळं पाणी आत. स्वेटर चिंब. ऊब होती, पण पिळला तर बादली भरेल. पोचल्यावर कोरडे कपडे चढवले आणि स्वेटर सपाट पसरून ठेवला. कुठे? जिथे मोकळी जागा दिसली तिथे. नमुन्यांच्या टेबलावर! मी, इतकी वर्षं तिथे काम करणारी! तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

शेजारच्या टेबलावर नापासराव बसतात. हे नाव आम्हीच ठेवलेलं, आजवर त्यांनी मनापासून काही पास केलेलं नाही. कापड धुतल्यावर किती आटतं ते बघायचं, हे त्यांचं काम. नमुन्यावर पक्क्या शाईने खुणा करायच्या, गरम पाण्यात घुसळायचा, तापलेल्या ड्रममध्ये गरगर वाळवायचा, मग खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. मी जेवून आले तर ते हसतमुख. हसतमुख नापासराव म्हणजे कुणाचं तरी वाटोळं झालेलं असतं.

"मॅडम, तो हिरवा नमुना सपशेल नापास! लांबीत पंचवीस टक्के आटला. कुठल्या गिऱ्हाइकाचा?"

मी टेबलाकडे बघितलं. एवढासा, जाडजूड, पापडासारखा ताठ. छातीवर शाईच्या सहा खुणा.

"माझा."
"म्हणजे?"
"ह्यांचा."

ते मटकन स्टुलावर बसले. मग अगदी बारीक आवाजात, "अहो, पण... खुणा पक्क्या शाईनं केल्यात हो मी."

आणि मला हसू फुटलं. आवरेना! टेबलावर डोकं ठेवून हसले. खांदे हलत होते म्हणून सगळ्यांना वाटलं, रडते आहे एकदाची. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा लावला – या थंडीत! नापासराव दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी तोंड वर केलं नाही. कसं करणार?

शेवटी शेवटी खरंच रडले असेन थोडी. नक्की सांगता येत नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सुचलं. आत मोठा टॉवेल घालून घडी केली. शाईची बाजू आत. कपाटात ठेवल्यावर जाडी बरोबर, लांबी जवळजवळ बरोबर. वरून डांबराच्या गोळ्या. लांबून कुणाला शंका येणार नाही. जवळून – रविवार आहेच.

टॉवेल जरा दमट होता. घाईत दुसरा मिळाला नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळपासून कपाटाभोवती घुटमळत होते. सासूबाईंनी दार उघडलं. हात पुढे केला. त्यांनी घडीवर नुसता तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच. मग दार लावून घेतलं.

"आज नाही काढत. राहू दे."

वाचले! का नाही काढला, ते विचारायची हिंमत झाली नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

नापासरावांना झोप लागत नाही म्हणे. त्यांच्या बायकोने उपाय सांगितला – केसांना लावायचं कंडिशनर पाण्यात घालून लोकर भिजवायची आणि हळूहळू ताणायची. स्वेटर पिशवीत लपवून नेला, टॉवेल राहिला कपाटात. जेवायच्या सुट्टीत एक बाही मी धरली, एक त्यांनी. "ओढा मॅडम!" – "तुम्ही ओढा!" साहेब दारात येऊन उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले.

निकाल: डावी बाही लांबली. बाकी जैसे थे. आता तो एक हात लांब असलेल्या शाळकरी पोराचा स्वेटर दिसतो. नापासराव म्हणाले, "निदान एक बाही पास." संध्याकाळी पुन्हा टॉवेल भरून जागेवर.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

उद्या भाऊजी येणार. सकाळी चढावर मोठ्याने म्हणून बघितलं – "आई, जाऊ नका ना." पाऊस होता, कुणी ऐकलं नाही. सोपं वाटलं. धाप लागलेली असली की कुठलीही गोष्ट सोपी वाटते. उताराला लागले आणि पुन्हा अवघड झालं.

मी सायकल चालवते, हे सांगावं. स्वेटर आटवला, हेही सांगावं. मग राहा म्हणावं. या क्रमाने सांगितलं तर तिसऱ्याला त्या हो कशाला म्हणतील?

शनिवार, ३० नोव्हेंबर

भाऊजी दुपारी आले. गाडी दारातच लावली. "आई, सकाळी चहा झाला की निघू." त्या बरं म्हणाल्या. संध्याकाळी बॅग भरली. साड्या, चष्मा, औषधं, ह्यांचा फोटो. शेवटी म्हणाल्या, "तो स्वेटर दे. सगळ्यात वर ठेव."

कपाटातून काढला तो दोन्ही हातांवर, ताटासारखा धरून आणला. टॉवेलसकट! बॅगेत वर ठेवला. त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, चेन लावली. झालं. उद्या तिकडे बॅग उघडतील, घडी मोडतील आणि टॉवेल बाहेर पडेल. आणि मी इथे असेन.

"आई," मी म्हटलं.
"काय गं?"
"काही नाही. चहात आलं घालू ना सकाळी?"

गाढव आहे मी.

रविवार, १ डिसेंबर

भाऊजी एकटेच गेले.

चहा झाला. भाऊजी गाडी पुसत होते. बॅग दारात. आणि सासूबाई खोलीतून आल्या – स्वेटर घालून! उजवी बाही मनगटावर, डावी बोटांच्या खाली लोंबलेली, छातीवर सहा काळ्या खुणा. आणि अंगात अगदी मापाचा! जणू शिंप्याने माप घेऊन बेतलेला.

भाऊजी बघत राहिले. "दादाचा ना हा? एवढा होता?"
"पावसात फिरला की आटतो," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "टॉवेल तरी वाळलेला घालायचास आत. सगळ्या लोकरीला वास लागला."

म्हणजे त्या रविवारीच ओळखलं होतं! नुसता तळवा ठेवून!

भाऊजींनी बॅग उचलली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं. चढ नव्हता, धाप नव्हती, तरी. "आई, जाऊ नका." एवढंच. पुढे काही सुचलं नाही.

त्या भाऊजींना म्हणाल्या, "तू हो पुढे रे. तुझ्याकडे सगळे गाडीनं जातात."

"म्हणजे काय आई?" भाऊजींना काही कळलं नाही. मलाही नाही. त्यांनी लोंबणारी बाही दुमडली आणि कुकर लावायला आत गेल्या.

सोमवार, २ डिसेंबर

बारीक पाऊस. बनियन, माझा जुना लोकरी स्वेटर, रेनकोट, कॅप, गुलाबी मोजे. दारात बऱ्यापैकी थंडी वाजली. बरोबर.

जिन्याखाली गेले तर स्टँडवरची पट्टी नाही. कुणीतरी गाठ सोडून, नीट घडी करून कॅरिअरला अडकवून ठेवलेली. मी हात लावला नाही तिला. लाथ मारली – खाड्!

आतून लगेच, "निघालीस का गं?"